न गेलेला रंग

बी.एस्सी.ला आल्यावर प्रयोगशाळेत मी जी पहिली गोष्ट शिकले, ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. उत्तर आधी घ्यायचं आणि रीडिंग मागून तयार करायची. मागच्या वर्षीच्या कुण्या ताईचं जर्नल वर्गात फिरायचं. त्यातलं शेवटचं उत्तर बघायचं, तिथून उलटं गणित करत वर यायचं आणि ब्युरेटची तीन रीडिंग लिहायची, तिन्ही सारखी. फारच हुशार कुणी असेल तर त्यातलं एक किंचित वेगळं लिहायचं, म्हणजे खरं वाटतं. यात चोरीछुपं काहीच नव्हतं. ते जर्नल बाकावर उघडं पडलेलं असायचं, सर शेजारून जायचे आणि "आवरा लवकर, पुढची बॅच उभी आहे" एवढंच म्हणायचे.

मी काही सत्याची पुतळी नाही. घरी अव्वाला, म्हणजे आईला, मी सर्रास थापा मारते. पण थेंब थेंब सोडत तासभर उभं राहायचं, फ्लास्क हलवून हलवून मनगट दुखवून घ्यायचं, डाळिंबी रंग निळा होण्याची वाट बघायची आणि तो खरोखर निळा झाला की त्याच्याकडे ढुंकूनही न बघता दुसऱ्याच कुणाचं उत्तर लिहायचं, याचा मला संताप यायचा. मग पाणी ओतायचं तरी कशाला? बाकावर बसून नुसतं लिहायचं की.

दुसऱ्या वर्षी पाण्याचा हार्डनेस मोजायचा प्रयोग होता. नमुना म्हणून प्रयोगशाळेच्या नळाचंच पाणी घ्यायचं. इमारतीमागच्या बोअरचं ते पाणी इतकं जड, की साबणाला फेस म्हणून यायचा नाही, आणि त्याचं ते भलंमोठं उत्तर वर्षानुवर्षं एका जर्नलमधून दुसऱ्या जर्नलमध्ये उतरत आलेलं. त्या उन्हाळ्यात बोअर आटला. टाकीत महापालिकेचं पाणी सोडायला लागले. तशी सूचना जिन्याजवळच्या फळ्यावर लागली होती आणि ती आम्ही सगळ्यांनी वाचलीही होती. माझं उत्तर जर्नलमधल्यापेक्षा पुष्कळच कमी आलं. सर म्हणाले, "चुकलंय, परत कर." परत केलं, तेवढंच आलं. आजूबाजूला बघितलं तर बाकी सगळ्यांचं उत्तर बरोबर! आटलेल्या बोअरचं पाणी अख्खी बॅच मोजून मोकळी झाली होती.

"सर, बोअर बंद आहे," मी म्हटलं.

सर थांबले. माणूस मनाने चांगला होता, फक्त फार वर्षं तेच तेच शिकवून दमला होता. नळाकडे बघत हसले आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे की गं. पण परीक्षेला जुनंच लिही. तपासणाऱ्याकडं जुनंच उत्तर असतंय."

मी परीक्षेला नवंच लिहिलं आणि मार्क घालवले. माझ्या बाकावरची मैत्रीण माझ्यावर जाम भडकली. ती विणकरांच्या घरची. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि रागावली की दोन्हींची सरमिसळ. "तुला काय पडलंय गं त्या बोअरचं?" ती म्हणाली. मला बोअरचं काहीच पडलं नव्हतं. पण मी मोजलं होतं, आणि मोजलेलं खोडून दुसरं लिहायला माझा हात वळत नव्हता.

आमचं मूळ गाव मैंदर्गी. काका तिथं शेती बघतात आणि अप्पांचं इथं सोलापुरात, नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. आमच्या घरात अव्वा कन्नडमध्ये बोलते, अप्पा मराठीत उत्तर देतात आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. मी मटेरियल केमिस्ट्री हा मुख्य विषय घेतला, तेव्हा मात्र सगळ्यांनाच वेगळं वाटलं. नवी पेठेत मटेरियल म्हणजे न शिवलेला ड्रेसपीस. दिवाळीला गावाकडून आलेल्या एका मावशींनी मला कौतुकानं विचारलं, "मग डिग्री झाल्यावर शिवायला बी येतंय का?" अप्पा पोट धरून हसले. पुढे कितीतरी दिवस दुकानात मी आले की म्हणायचे, "आल्या बगा मटेरियलवाल्या बाई."

हसून झाल्यावर त्यांनी अटही घातली होती. डिस्टिंक्शन आलं तर एमएस्सी. "न्हाय आलं तर बी.एड. करायचं. गावाकडं कुटं बी शाळा मिळतीय. एवढं शिकून पोरी करत्यात काय शेवटी?" मी त्यावर काही बोलले नाही. आमच्या घरात पोरीचं गप्प बसणं म्हणजे होकार धरतात. मी होकार दिला नव्हता, एवढं इथं सांगून ठेवते.

मला एमएस्सी का करायची होती, हे त्यांना नीट सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. कशापासून वस्तू बनते आणि ती तशीच का वागते, याचं मला वेड लागलं होतं. आम्ही झिंक ऑक्साइडची पावडर तयार करायचो. भट्टीतून क्रुसिबल बाहेर काढलं की पावडर हळदीसारखी पिवळी असते आणि बघता बघता, थंड होत होत, पांढरी होते. यात काही जळत नाही, काही मिसळत नाही. नुसती उष्णता उतरते आणि रंग जातो. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी ती पावडर परत तापवली, परत थंड केली आणि सर ओरडेपर्यंत तेच करत बसले. शाळेत मुलांना शिकवणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला हे करायचं होतं, एवढंच.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. आमच्या विभागात त्याची ठरलेली वाट होती. झिंक ऑक्साइड बनवायचं, मिथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगाच्या पाण्यात टाकायचं, बीकर गच्चीवर उन्हात ठेवायचा. पावडर उन्हाच्या जोरावर तो रंग मोडून काढते. सोलापूरचं ऊन, त्याला काय कमी! दुपार कलायच्या आत पाणी स्वच्छ. ग्राफ असा सुंदर उतरायचा की फ्रेम करून लावावा. आणि दरवर्षी प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्या पानावर तोच परिच्छेद: सोलापूर हे वस्त्रोद्योगाचं शहर आहे, टॉवेल-चादरींच्या रंगाईचं सांडपाणी ही मोठी समस्या आहे, त्यावर हा उपाय. मी जुने रिपोर्ट काढून बघितले. त्या सांडपाण्याचा एक थेंबही कुणी कधी बीकरमध्ये घातला नव्हता.

"मी खरं पाणी आणते," मी सरांना सांगितलं.

"आण की," सर म्हणाले. त्यांना वाटलं असेल, चार दिवसांत हिचा उत्साह उतरेल.

मैत्रिणीच्या काकांचं टॉवेल रंगवायचं युनिट होतं. काकांना आधी वाटलं आम्ही तक्रार करायला आलोय. मैत्रिणीनं तेलुगूत काय सांगितलं देव जाणे, पण त्यांनी गोड्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये लाल पाणी भरून दिलं आणि वर चहा पाजला. रिक्षात तो कॅन मांडीवर घेऊन मी बसले होते. झाकणातून झिरपून माझ्या पांढऱ्या सलवारीवर डाग पडला, तो आजतागायत गेलेला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पाणी गाळलं, पावडर घातली, बीकर गच्चीवर ठेवला. शेजारी मैत्रिणीचा निळा बीकर. एक्स्टेंशनची वायर जिन्यातून वर ओढून स्टरर लावले. डोक्यावर ओढणी घेऊन मी टाकीच्या सावलीला बसले. तिचं निळं पाणी फिकट झालं, मग आकाशी झालं, मग नळाच्या पाण्यासारखं झालं. माझं लाल होतं तसंच लाल. खाली जाऊन कलरीमीटरवर बघितलं, काटा जागचा हललेला नव्हता. वाटलं पावडर कमी पडली. दुसऱ्या दिवशी जास्त घातली. पावडर नव्यानं केली. भट्टी जास्त तापवली. मार्च संपून एप्रिल लागला, गच्चीची फरशी चपलेतून पोळायला लागली, माझ्या नाकाची सालं निघाली, आणि पाणी लालच राहिलं.

मैत्रिणीचा रिपोर्ट बांधून तयार झाला. आणि मला सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"हे बघ," ते म्हणाले, "न झालेल्या गोष्टीवर प्रोजेक्ट होत नाही. तुझी पावडर चांगली आहे. ती मिथिलीन ब्लूवर चालव, एका दिवसात ग्राफ येईल. पहिला परिच्छेद आहेच. नाव 'सोलापूरच्या रंगाई सांडपाण्यावरील प्रक्रिया' असंच ठेव. भारदस्त दिसतंय."

"पण त्या पाण्यावर ती चालत नाही, सर."

"ते कोण विचारतंय?"

"कुणीच विचारत नाही, म्हणून तर दरवर्षी तेच लिहितायत."

हे मी जरा जोरात बोलले. बाहेर उभी असलेली ज्युनिअर मुलं दारातून डोकावली. सरांचा चेहरा उतरला, कारण ते जुने रिपोर्ट सगळे त्यांच्याच सहीचे होते. "तुला शेवटचं सांगतो," ते म्हणाले. "त्या लाल पाण्याच्या ग्राफची सपाट रेघ आणलीस तर मी सही करणार नाही." सही नाही म्हणजे प्रोजेक्टला शून्य. प्रोजेक्टला शून्य म्हणजे डिस्टिंक्शन गेलं, आणि त्याबरोबर एमएस्सी.

मी तिथून तडक नवी पेठेत दुकानावर गेले. दुपारची वेळ, पेठेत तुरळक माणसं. एक बाई काळ्या चंद्रकळेसारखा पीस हातात घेऊन उभ्या होत्या. सगळे विचारतात तेच त्यांनी विचारलं, "रंग जातो का हो?" अप्पांनी नेहमीसारखं केलं. कापडाचा कोपरा पाण्यात बुडवला, आपल्या पांढऱ्या रुमालावर घासला आणि रुमाल त्यांच्यापुढे धरला. काळा पट्टा उमटला होता. "जातो, ताई. पयल्या दोन धुण्याला वेगळा धुवावा लागंल." बाई पीस ठेवून निघून गेल्या.

अप्पांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ठाण गुंडाळत ऐकून घेतलं.

"मग लिहून टाक की," ते म्हणाले. "सगळेच लिवत्यात. तुज्या एकटीच्या लिवण्यानं काय व्हतंय?"

माझं डोकंच फिरलं. सरांचा एवढा राग आला नव्हता. "तुम्ही कधी सांगितलंय का, रंग जात नाही म्हणून? शेजारच्या दुकानात सगळे सांगतात. तुम्हाला सांगायला काय झालं होतं आत्ता?"

"ती येगळी गोष्ट हाय."

"कशी वेगळी?"

"गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतंय. परीक्षा दुसरी येत न्हाय." मग रुमाल घडी करत ते म्हणाले, "तुज्या मनाचं कर. पण अट ती अट. मागनं माज्याकडं तोंड वाकडं करून यायचं न्हाय."

घरी अव्वाने ताट वाढलं. मी भाकरीचा तुकडा नुसताच मोडत बसलेली बघून म्हणाली, "साकु, ऊटा माड." पुरे झालं, जेव. तिला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते. शेंगाचटणीशी भाकरी खाता खाता माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की पाणी लाल राहतं तर का राहतं, हे तरी त्या पाण्याने मला सांगितलंच पाहिजे. चटणी जरा खारट झाली होती, आणि मी अव्वाला तसं म्हणालेही. ते म्हणता म्हणताच मला आठवलं की सुती कापडावर रंग चढवताना हंड्यात मीठ आणि सोडा ओततात. काकांच्या युनिटमध्ये मिठाच्या गोण्या रचून ठेवलेल्या मी बघितल्या होत्या, त्यांच्यावरच बसून तर चहा प्यायले होते.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला काकांकडून तोच लाल रंग मागवायला लावला, कोरडा. एका बीकरमध्ये नुसता रंग, दुसऱ्यात रंग आणि मीठ, तिसऱ्यात धुण्याचा सोडाही, आणि शेवटी तो कॅनमधला. सगळे ओळीनं गच्चीवर. मैत्रीण "वेडी आहेस" म्हणाली आणि स्वतःचा स्टरर मला देऊन टाकला. नुसता रंग हळूहळू का होईना, गेला. मीठ घातलेला अर्ध्यावर अडला. सोडा घातलेला जेमतेम फिकट झाला. कॅनमधला हलला नाही. पावडर रंगाला मोडायला जे काही उन्हात तयार करत होती, ते मीठ आणि सोडा वाटेतच खाऊन टाकत होते. मी गच्चीवर एकटीच मोठ्यानं हसले. माझ्या हातात आता न होण्याचं कारण होतं, आणि ते मी स्वतः मोजलेलं होतं.

सरांपुढे चारी बीकरच्या ग्राफच्या रेघा ठेवल्या. त्यांनी बराच वेळ बघितल्या, चष्मा पुसला, परत बघितल्या. मी तयारीनं गेले होते. सही दिली नाही तर विभागप्रमुखांकडे, तिथं नाही तर त्यांच्याही वर. सरांनी पेन काढलं. "सही करतो," ते म्हणाले. "पण मार्क बाहेरच्या परीक्षकाच्या हातात असतात. मग रडत यायचं नाही."

"येणार नाही," मी म्हटलं.

परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते, दुपारच्या गाडीनं परत जायची घाई होती. पानं उलटत शेवटच्या पानावर आले. "निष्कर्ष कुठे आहे?"

"हाच निष्कर्ष आहे, सर. या पाण्यावर ही पावडर चालत नाही, आणि का चालत नाही ते."

"म्हणजे प्रयोग फसला."

"पावडर फसली, सर. प्रयोग बरोबर झाला."

त्यांनी मान वर केली. सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "मिथिलीन ब्लू घ्यायचं होतं की," परीक्षक म्हणाले. "सगळ्यांचं कसं छान आलंय."

"मिथिलीन ब्लूनं सोलापुरात कुणी टॉवेल रंगवत नाही, सर."

त्यांनी रिपोर्ट मिटला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. मला त्याच क्षणी कळलं काय होणार ते. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं माझा हात धरला. मी म्हटलं, चल, ऊसाचा रस पिऊ.

निकाल लागला. फर्स्ट क्लास होता, डिस्टिंक्शन थोडक्यात गेलं होतं. बाकी सगळ्या विषयांत मी वर होते, प्रोजेक्टनंच खाली ओढलं होतं. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. गच्चीवर जाऊन, जिथं माझे बीकर ठेवलेले असायचे तिथं उभी राहून मी खूप रडले. पण एकदाही असं वाटलं नाही की निळं पाणी घ्यायला हवं होतं. डोळे पुसून खाली आले, एक काम होतं ते उरकलं आणि नवी पेठेत गेले.

दुकानात गिऱ्हाईक होतं. बस्त्याच्या खरेदीला आलेल्या दोघी जावा, पुढ्यात लाल काठाचे पीस पसरलेले. मी पायरीवरूनच म्हटलं, "अप्पा, डिस्टिंक्शन गेलं."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. थोरल्या जाऊबाईंनी एक लाल पीस उचलला, दुसऱ्या हाताने त्याच रंगाचे आणखी बाजूला काढले, सगळ्या बस्त्याला एकच रंग घ्यायचा त्यांचा बेत होता. मग त्यांनी विचारलं, "रंग जात नाही ना हो?"

अप्पांचा हात रुमालाकडे गेला आणि थांबला. त्यांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "हिला इचारा. ही त्यातलंच शिकलीया."

मी कोपरा भिजवला. रुमालावर घासला. घासतानाच मला दिसत होतं. एवढा मोठा बस्ता, आणि अप्पा माझ्याकडे बघतायत.

"जातो," मी म्हटलं. "चांगलाच जातो."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं, पिशव्या उचलल्या आणि समोरच्या दुकानात शिरल्या. समोरचा मालक त्यांना मोठमोठ्यानं सांगत होता की आमच्याकडचा रंग कापड फाटलं तरी जात नाही. अप्पा ते ऐकत पसरलेले पीस एकेक करून घडी घालत राहिले. मीही समोर बसून घड्या घालायला लागले. शेवटचा पीस फळीवर ठेवून, माझ्याकडे पाठ असतानाच त्यांनी विचारलं, "त्या एमएस्सीचा अर्ज कवा करायचा असतोय?"

मी म्हटलं, "केला."